बोटभर माया

अम्मा गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिची पत्र्याची पेटी आम्ही बरेच दिवस उघडली नव्हती. उघडली तेव्हा वर दोन साड्या निघाल्या, त्याखाली रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि अगदी तळाशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली कागदांची एक सुरळी. वर्तमानपत्रं, सिमेंटच्या गोणीचा जाड तपकिरी कागद, कॅलेंडरची पानं. सगळी कडेनं कापलेली, कुठं बाक दिलेला, कुठं खाच पाडलेली. मी ती रद्दीच्या ढिगाकडे सरकवली. बायकोनं परत उचलून घेतली. म्हणाली, "अहो, हे फर्मे आहेत. पिशव्यांचे."

फर्मा म्हणजे कापडाला कैची लावण्याआधी कागदावर कापून घेतलेला नमुना. हल्ली शिवणक्लासात त्याला पॅटर्न म्हणतात. असे सव्वीस फर्मे निघाले. अम्मा शिरूरला घरातच शिवणकाम करायची. झंपर, परकर, तान्ह्या पोरांची झबली तीही शिवायची, पण गावात तिची ओळख पिशव्यांची. दुकानाबाहेर ओळीनं लटकवलेल्या, सगळ्यांना सारख्या अशा पिशव्या तिनं कधी शिवल्या नाहीत. जिला हवी तिनं यायचं, चटईवर बसायचं, रोज काय काय न्यावं लागतं ते सांगायचं. मग अम्मा कागद पुढं ओढायची.

तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून कुठल्याच फर्म्यावर नाव नाही. कोपऱ्याला दोऱ्याचा एक टाका आहे फक्त. प्रत्येकाचा रंग निराळा, गाठ निराळी. ही तिची खतावणी. ती वाचणारं माणूस गेलं आणि माझ्या हातात सव्वीस बायकांची सव्वीस कोडी राहिली. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहितो. इतिहास हा काही माझा विषय नाही. पण या कागदांनी मला पिशवीच्या इतिहासात ओढलं. लढायांचा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे. माणसं हातात काय घेऊन बाहेर पडली, याचा फारसा कुणी विचार करत नाही.

आधी शब्दांकडे गेलो, कारण तेवढंच मला येतं. आमच्या घरात दखनी, दारात मराठी आणि अम्माच्या मशीनवर दोन्ही. दर्जी, अस्तर, मगजी, बखिया हे शब्द फारसीतून आले, कैची तुर्कीतून. सुई, दोरा, टाका, शिवण इथलेच. 'खिसा' हा फारसी 'कीसा'वरून आला, आणि कीसा म्हणजे थैली. सदऱ्याला चिकटायच्या आधी खिसा ही स्वतंत्र पिशवीच होती. दरबारी पत्र रेशमी पिशवीत घालून पाठवत, त्या पिशवीला खलिता म्हणत. पुढे आतल्या पत्रालाच लोक खलिता म्हणू लागले. पिशवीनं आतल्या वस्तूचं नाव खाल्लं, असं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. आणि मापानं कापड कापण्याला मराठीत 'बेतणं' म्हणतात. जेवणाचा बेत, लग्नाचा बेत, तो याच घरातला शब्द.

आता गावाकडे. शिरूर हे कागदावरचं नाव. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नदीचं नाव घोड, आणि गावाच्या नशिबीही घोडेच आले. पेशवाईच्या अखेरच्या काळात इंग्रजांनी इथं छावणी टाकली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी भीमा कोरेगावच्या दिशेनं निघाली ती याच छावणीतून. त्याच वर्षी 'पूना ऑक्झिलरी हॉर्स' हे घोडदळ उभं राहिलं, पुढं 'पूना हॉर्स' म्हणून नावाजलं गेलं. नंतरही कित्येक वर्षं शिरूरला रिसाला असे.

रिसाला आला की त्याच्यामागून नालबंद, मोची, शिंपी येतात. घोड्याच्या अंगावर किती शिवणकाम असतं, हे आपल्या ध्यानात येत नाही. तोंडाला चंदीची पिशवी बांधतात तो तोबरा. पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबते ती खुर्जी. त्याखाली खोगीर. यातलं काहीही ढोबळ मापानं शिवून चालत नाही. तोबरा घट्ट झाला तर जनावर घुसमटतं, सैल झाला तर दाणे सांडतात. खोगीर भरताना एका बाजूला गोळा राहिला की घोड्याची पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार. आपण आज पान खाणाऱ्याला म्हणतो, तोंडात तोबरा भरलाय. कामाशिवाय भरलेल्या माणसांना म्हणतो, खोगीरभरती. घोडे गेले, शिवणारे गेले, शब्द तेवढे उरले.

घोडेस्वारासारखीच बाकीच्या पुरुषांची सोय होती. वाटसरूच्या खांद्यावर पडशी, पुढं एक पोट नि मागं एक पोट, म्हणजे तोल राहतो. व्यापाऱ्याच्या कमरेला कसा, लांबट आणि अरुंद, धोतराखाली दिसू नये असा. पान-तंबाखूवाल्याची चंची: घडी उलगडली की सुपारी, कात, चुना, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे, आणि दोरी गुंडाळली की मुठीत मावणारी. न्हाव्याची धोकटी. जेजुरीच्या वाघ्याची भंडाऱ्याची पिशवी, जी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे. एकेका धंद्यानं आपापली पिशवी बेतून घेतली होती. नुसत्या पिशवीवरून माणसाचा उद्योग सांगता यावा, इतकी.

या यादीत बाई कुठं आहे? मी पुष्कळ शोधलं. तिच्याकडे पदराची गाठ होती, कनवटी होती, ओटी होती. म्हणजे नेसलेल्या लुगड्याचाच कोपरा. आजीबाईचा बटवा होता, हे खरं. पण तो फडताळात. त्यात ओवा, हळकुंड, वेखंड. तो घेऊन आजीबाई कुठं जात नव्हती, दुखणाईत तिच्याकडे येत होता. पैसे घेऊन स्वतःच्या कामासाठी बाहेर पडणाऱ्या बाईची पिशवी जुन्या मराठीत मला सापडली नाही, कारण तशी बाई बाहेर पडत नव्हती. जी पडत होती, शेतात, बाजारात, तिच्या डोक्यावर पाटी असे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेणमाती फेकत म्हणून त्या जादा लुगडं बरोबर नेत, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ते लुगडं त्या कशात घालून नेत असतील, हा प्रश्न मला पन्नाशी ओलांडल्यावर पडला.

आमच्या भागात बाई घराबाहेर निघाली ती दुष्काळामुळे, आणि तिला घेऊन आली रेल्वे. आमचं आजोळ दौंडचं. नाना रेल्वेत खलाशी होते. घोडनदीचं पाणी पुढं भीमेला मिळतं आणि भीमा दौंडावरून जाते, तेवढंच या दोन गावांचं नातं. बाकी स्वभाव निराळा. दौंड रुळांवर वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात पुण्याहून सोलापूरकडे रूळ गेले, १८७८ साली दौंड-मनमाड रस्ता झाला आणि गाव जंक्शन झालं. याच मार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली होती.

रमाबाईंबद्दल आपल्याकडे वाद फार, वाचन कमी. मुंबईत त्यांनी १८८९ साली शारदा सदन काढलं, पुढल्या वर्षी ते पुण्यात आणलं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या, विधवा मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकड्यांनी मुली आल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनातली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार बायका, एका माळावर. त्यांना जेवण, कपडे, अक्षरओळख आणि त्याबरोबर हाताला काम: विणकाम, शिवण, भरतकाम, तेलाचा घाणा, शेती, छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, त्याची जुळणी-छपाई या बायकांच्याच हातांनी झाली. १९२२ साली रमाबाई वारल्या, ग्रंथ १९२४ साली पुरा होऊन बाहेर आला. त्यांच्या धर्मांतराबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. दौंड तालुक्यातल्या एका माळावर, शिवणाच्या कमाईवर बाई उभी राहू शकते, हे त्यांनी दाखवलं, एवढं मी म्हणेन.

आणि ते मी ऐकीव म्हणून सांगत नाही. अम्माला दौंडला शिवण शिकवणारी बाई केडगावात वाढलेली होती. तिचं नाव आमच्या घरात कुणाला आठवत नाही. अम्मा तिला 'टीचर' म्हणायची आणि तिचा विषय निघाला की पदर नीट करायची.

अम्माचं मशीन सिंगरचं, जुनं, काळं; त्यावरची सोनेरी वेल घासून पुसट झालेली. अब्बांनी ते दौंडला एका गोव्याकडच्या रेल्वे गार्डच्या घरून सेकंडहँड घेतलं. शिवणयंत्राची जन्मकथा थोडी भांडणाची आहे. इलायस हाऊनं १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं, आयझॅक सिंगरनं १८५१ साली आपलं घेतलं, आणि दोघे कोर्टात गेले. सिंगरचं मशीन जगभर गेलं ते हप्त्यांवर विकल्यामुळे. आपल्याकडे ते एकोणिसाव्या शतकातच आलं. स्वदेशी 'उषा' यायला १९३६ उजाडावं लागलं. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला सूट दिली होती. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं हे यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरचं चरित्र वाचलं तर तो इतका मायाळू नवरा होता असं वाटत नाही. पण गांधीजींचा मुद्दा यंत्राबद्दल होता आणि त्यात ते बरोबर होते.

यंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट कागदाची. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी फर्मे विकायला सुरुवात केली. तोपर्यंत माप ही शिंप्याच्या डोक्यातली गोष्ट होती. बटरिकनं ती पाकिटात घातली. लहान, मध्यम, मोठा. घरबसल्या बायका स्वतःचे कपडे बेतू लागल्या, हा त्याचा मोठा उपकार. पण त्याचा एक कागद हजारो अंगांसाठी होता. अम्माचा एक कागद एकाच बाईसाठी. ती बाई दुसरी पिशवी शिवायला आली की अम्मा तोच फर्मा काढायची आणि आधी विचारायची, "काम बदललं का? बाळंतपण झालं का? खांदा दुखतो का?" मग कागदाला चिकटपट्टी लागायची किंवा कैची.

सव्वीसांतला सर्वांत छोटा फर्मा तळहाताएवढा आहे. कागद वर्तमानपत्राचा, आणि त्यावरच्या अर्ध्यामुर्ध्या बातम्या टँकरच्या नि दुष्काळी कामांच्या. १९७२ चा दुष्काळ. शिरूर तालुक्याचा पूर्वेकडचा भाग तसाही पावसाला पारखा. त्या वर्षी लोकांनी लाल मिलो खाल्ली, कामावर सुकडी खाल्ली, आणि बायका खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला पुरुषांच्या बरोबरीनं गेल्या. पुढं १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं मूळ या कामांत आहे. बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची हजेरी आणि रोख पैसा आला. आता तो ठेवायचा कुठं? पदराची गाठ खडी फोडताना सुटते. कनवटी घरी गेल्यावर नवरा तपासतो. अम्मा तेव्हा नवी नवरी होती. तिनं पिठाच्या रिकाम्या पांढऱ्या पोत्यांतून छोटे बटवे कापले, गळ्यात अडकवायचे, पोलक्याच्या आत जाणारे. बटण नाही, कारण बटण टोचतं. फुगा दिसू नये म्हणून पोट चपटं. दोरीची लांबी जिची तिच्यावर. शिलाई चार आणे, तीही पगार झाल्यावर. काहींनी दिली नाही. अम्मानं मागितली नाही, असं ती सांगायची. अब्बा मात्र म्हणायचे, मागितली होती.

पुढं गिऱ्हाईक बदललं. मास्तरणी आल्या, नर्सबाई आल्या, तलाठी कचेरीतल्या बाई आल्या, पेरू-बोरं घेऊन गाडीत चढणाऱ्या आल्या. त्यांच्या पिशव्या बेतताना अम्मा सगळं सामान आणायला सांगायची. कागद जमिनीवर, कागदावर सामान: हजेरीपट, डबा, छत्री, पाकीट, पोराचं टोपडं. ती त्याच्याभोवती खडूनं रेघ मारायची नाही. सामान उचलायची, परत ठेवायची, कुठली वस्तू घाईत लागते ते विचारायची. ती वर. मग खांद्यापासून कमरेपर्यंत दोरा धरायची आणि दोऱ्याला गाठ मारायची. टेप तिच्याकडे होता, तो ती ब्लाउजसाठी वापरायची.

इथं शिरूर आणि दौंडचा फरक येतो, आणि मला तो फर्मे शेजारी शेजारी मांडल्यावर कळला. शिरूरला रेल्वे नाही. शिरूरची बाई एस. टी.नं जाणार. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर, म्हणजे आमच्याच गावावरून. तेव्हापासून हे गाव एस. टी.चं. कंडक्टरच्या खांद्यावरची ती चामड्याची पिशवी, चिल्लर एका कप्प्यात, नोटा दुसऱ्यात, हीसुद्धा धंद्यानं बेतलेलीच. एस. टी.त उभं राहायचं तर पिशवी काखेत दाबून धरावी लागते. म्हणून शिरूरच्या फर्म्यांचे बंद आखूड, तोंड अरुंद, तळ निमुळता. दौंडची बाई रेल्वेनं जाणार. ती एका खांद्यावरून दुसऱ्या कमरेवर पिशवी तिरकी घालते, दोन्ही हात मोकळे, कारण गाडीत चढताना दांडी धरायची असते. म्हणून बंद लांब, तळ रुंद, म्हणजे फलाटावर ठेवली तर पडत नाही.

कापडाबद्दल तिचे दोन-तीन नियम होते. बंद नेहमी कापडाच्या उभ्या धाग्यात कापायचा. आडव्यात कापला की महिन्याभरात ओझ्यानं लांबतो. तळाला दुहेरी कापड आणि मधे गोणपाटाचा तुकडा. अस्तर फिकट रंगाचं, म्हणजे आत हरवलेली सुई दिसते. पिशवी उलटी शिवायची, अस्तराला चार बोटं जागा उघडी ठेवायची, त्यातून सगळी पिशवी बाहेर ओढून सुलटी करायची आणि ती जागा शेवटी हातशिलाईनं मिटवायची. लहानपणी मला हा जादूचा खेळ वाटे. चिंधीच्या गोळ्यातून पिशवी जन्माला यायची.

आणि चोरखिसा. तो प्रत्येक पिशवीला असेच, फक्त जागा प्रत्येकीची निराळी. अम्मा त्या बाईला डोळे मिटायला सांगायची आणि म्हणायची, "पैसे काढ." हात जिथं जाईल तिथं चोरखिसा. एक फर्मा मला फार दिवस कळत नव्हता. त्याची खाच सगळ्यांच्या उलट बाजूला होती. मला वाटलं, चुकून उलटा कापला. मग एकदा आरशासमोर पिशवी धरून बघितली आणि उमगलं. ती बाई डावखुरी होती. कोण होती, कुठल्या गावची, काही माहीत नाही. इतिहासात तिच्याबद्दल एवढंच नोंदलं गेलंय, की ती डाव्या हातानं पैसे काढायची.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीचा आदेश निघाला आणि कापडी पिशव्यांचे पुन्हा दिवस आले. बचत गटांना काम मिळालं, ही चांगलीच गोष्ट. त्या पिशव्या नगावर शिवल्या जातात, सगळ्या एका मापाच्या, वर कुणाचा तरी फोटो छापलेला. त्यात भाजी बसते. चोरखिसा नसतो.

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिनं हे फर्मे पाहिले आणि एक उचलला. कागद कॅलेंडरचा, टाका निळा. "हा चालेल, लॅपटॉप बसेल," म्हणाली. बायकोनं ओळखलं, तो एका मास्तरणीचा होता, हजेरीपटासाठी केलेला. हजेरीपट आणि लॅपटॉप आकारानं जवळपास सारखेच निघाले. मी तो फर्मा घेऊन बाजारपेठेतल्या शिंप्याकडे गेलो. माणूस हुशार, पिढीजात. त्यानं कागद कापडावर ठेवला, कडेनं खडू फिरवला, कापलं, आठ दिवसांत पिशवी दिली. सुंदर. पण लॅपटॉप आत जाईना. चारी बाजूंनी थोडी थोडी कमी.

तो चपापला. फर्मा परत मागवला, उन्हात धरला, मग म्हणाला, "भाई, यात मायाच धरलेली नाही." शिवणीसाठी कडेनं जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. अम्मानं ती कागदावर कधी काढलीच नव्हती. तेव्हा बायकोला आठवलं, ती कागदाच्या कडेला डाव्या हाताचं बोट लावायची आणि बोटाच्या बाहेरून खडू ओढायची. बोटभर माया.

"कुणाचं बोट धरू?" शिंप्यानं आपला हात पुढं केला. त्याचं बोट अम्माच्या दुप्पट जाड. माझंही तसंच. बायको घरी जाऊन अम्माची स्वतःची पिशवी घेऊन आली, काळ्या सुती कापडाची, बंद विरलेले. शिंपी म्हणाला, उसवून माप घेतो. ती म्हणाली, उसवायची नाही. मग त्यानं हातशिलाईचे तेवढेच चार टाके सोडवले, आत हात घातला आणि डोळे मिटून अंगठ्यानं शिवण चाचपत राहिला. एक बाजू झाली, दुसरी झाली.

"इकडं पाऊण इंच आहे," तो म्हणाला, "आणि या अंगाला अर्ध्याला थोडी कमी. सारखी नाही. कुठली धरू?"

मी म्हटलं, जशी आहे तशी धरा. त्यानं खडू घेतला.